सरांचा शोधनिबंध

रोहणा गावच्या भावनानं वर्ध्यात राहून वर्षभर सूतगिरण्यांच्या शेअरच्या किमतींवर एमबीएचा प्रकल्प केला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो चाळला आणि बाजूला सारला.

"हे सगळं तुमच्या मार्गदर्शकांच्या शोधनिबंधातून उचललंय. मागच्या महिन्यात छापून आलाय तो. लाज नाही वाटत?"

भावनानं शेजारी बसलेल्या कुबडे सरांकडं पाहिलं. तिचे मार्गदर्शक तेच. सर खिडकीबाहेर बघत होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तोंडून थेट घरची बोलीच बाहेर पडली.

"मी काऊन चोरू? माझं काम सरायनं सोताच्या नावानं छापलं! इश्वास नसन तर त्यायलेच विचारा, कापूस महागल्यावर गिरणीच्या शेअरची जोखीम कशी मोजली ते."

परीक्षक गंभीर झाले. "कुबडे सर, सांगून टाका. विषय इथंच मिटेल."

सरांनी घसा खाकरला, चष्मा पुसला आणि सवयीनं मान वळवली.



"भावना, सांग ना यांना."