सहाशे लिटरचा समुद्र

रविवारी काचेच्या टाकीत तिसरा शंख मरून उपडा पडलेला दिसला, तेव्हा अब्रारने तो चिमट्याने उचलून हळूच खिशात टाकला. राजेशशेठचं तिकडे लक्ष गेलं नाही, तेवढंच नशीब.

शेठ डावीकडे बघत होते. तिथलं हिरवं, फांद्यांचं प्रवाळ बुडापासून पांढरं पडत चाललं होतं.

"गेल्या आठवड्यात हे पूर्ण हिरवं होतं ना?"

"होय शेठ. दगडी प्रवाळ जरा नाजूक असतं. सावरेल."

"आधीची चारही सावरणारच होती."

अब्रारने काचेवरचं शेवाळ पुसायला घेतलं.

खालापूरजवळच्या या फार्महाऊसवर सहाशे लिटरचा समुद्र होता आणि तो सांभाळणं हे अब्रारचं काम. त्याआधी सात वर्षं त्याने दोह्यातल्या एका मॉलमध्ये असाच समुद्र सांभाळला होता. तिथे त्याच्या हातून एकही दगडी प्रवाळ मेलं नव्हतं. शेठनी बोलावलं म्हणून तर तो भिसेगावला घरी परतू शकला. तेव्हा चार वर्षांची इल्मा बापाला बघून आईच्या, शगुफ्ताच्या ओढणीमागे लपायची. आता स्कूटरचा आवाज आला की "अब्बा, अब्बा" करत फाटकापर्यंत धावायची. हे काम गेलं तर परत दोहा, कारण कर्जत-खालापुरात समुद्र पाळण्याची हौस असलेला दुसरा शेठ नव्हता.

मासे ठणठणीत होते. मऊ प्रवाळं मजेत डोलत होती. मरत होती ती दगडी प्रवाळं आणि शंख.

अब्रारने काय काय करून पाहिलं! कॅल्शियम दिवसातून दोनदा मोजलं. दिवे मंद केले. मऊ प्रवाळं शेजारच्या दगडींवर पाण्यातून विष सोडतात, म्हणून त्यातलं सगळ्यात मोठं बाहेर काढलं, कोळशाची पिशवी लावली. तांबं या जिवांचा काळच. पण ते त्याने टाकी भरली तेव्हाच तपासलं होतं, शून्य आलं होतं. त्यानंतर धातूचा एक स्क्रूसुद्धा पाण्यात गेला नव्हता. नळ्या, पंप, सगळं प्लास्टिकचं.

मग त्याला डासांचा फवारा आठवला. फार्महाऊसची राखण नामा आणि त्याची बायको इंदूबाई करत. एके काळी याच जमिनीत त्यांनी भात लावला होता. संध्याकाळी टाकी असलेल्या दिवाणखान्यात फवारा मारायची ती इंदूबाई. अब्रारने शेठच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून इंदूबाईचं घरातलं काम बंद झालं.

नामाने त्याला फाटकातच अडवलं. "रोग रेड्याला न् औषध पखालीला, असं केलंस तू. टाकीवर चादर टाकल्याबिगर ती फवारा हातात घेत नव्हती रं."

अब्रारची मान वर झाली नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. पण संशय घ्यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

काहीच कळेनासं झालं की पाणी बदलायचं, हा या धंद्यातला शेवटचा उपाय. फार्महाऊसच्या बोअरचं पाणी इतकं जड, की तिथला फिल्टर दुसऱ्याच महिन्यात बसला होता. तेव्हापासून अब्रार घरच्या फिल्टरचं पाणी कॅनमधून नेत होता आणि तिथे त्यात मीठ कालवत होता. आधी आठवड्याला दोन कॅन लागायचे, आता रोज दोन.

त्याची आई शहाजादी पहाटे उठून ते भरून ठेवायची. तो निघेपर्यंत दोन्ही कॅन झाकणं लावून दाराशी तयार असायचे.

"सुधारली का रं तुजी दगडं?" ती विचारायची.

"नाही अम्मी."

"मंग अजून पानी घेऊन जा. पान्याला मी कमी पडू देनार नाय."

त्या आठवड्यात त्याने जवळजवळ अर्धा समुद्र बदलला. गुरुवारी हिरव्या प्रवाळाची टोकं पांढरी झाली. शनिवारी त्यावर मांसाचा कणही राहिला नाही. अब्रार टाकीसमोर स्टुलावर बसून राहिला. हात कोपरापर्यंत ओले होते आणि करण्यासारखं काही नव्हतं. आपल्याला हे काम येतं, एवढी एकच गोष्ट तो आजवर छातीठोकपणे सांगत आला होता. आता तीही खोटी ठरली.

शेठ रागावले नाहीत. "एक तारखेपासून मुंबईची माणसं बघतील," एवढंच म्हणाले. अब्रारने त्याच संध्याकाळी दोह्याला फोन लावला. जुनी जागा रिकामी होती.

निघायच्या दिवशी दुपारी इल्माने त्याचा एक बूट लपवून ठेवला. शगुफ्ताने तो पलंगाखालून शोधून काढला, तेव्हा पोरीने असा गळा काढला की शेजारचे दारात आले. अब्रारने तिला उचललं नाही. उचललं असतं तर खाली ठेवता आलं नसतं.

शहाजादी पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली.

"राहू दे अम्मी. स्टेशनवर मिळते."

"त्या पान्याचा काय भरवसा? हे घे. तुज्या दगडांना द्यायची तेच हाय." तिने बाटली त्याच्या पिशवीत खोचली. "तू म्हनला होतास ना, पानी एकदम शुद्ध लागतं म्हनून? नुसत्या मशीनवर मी कदी सोडलं नाय. रातभर माज्या लग्नातल्या तांब्याच्या हंड्यांत ठेवायची, न् मगच कॅन भरायची. एक दिवस चुकले नाय रं."