ठकीचा तोंडवळा

ठकी जन्मली तेव्हाच गिरजाच्या सासूने पोरीचं तोंड उजेडाकडे धरलं. तिरके बारीक डोळे, चपटं नाक, बाहेर येणारी जीभ. "असला तोंडवळा आमच्या घराण्यात नाय. कोण तो, सांग!" चार वर्षं गिरजा हेच ऐकत होती. नवरा मान खाली घालून जेवायचा. ठकीला कधी उचलून घ्यायचा नाही.

लढाईच्या साली सगळे डोळखांबहून म्हशाच्या जत्रेला गेले. घोंगड्यांच्या दुकानापाशी एका अनोळखी बाईच्या कडेवर मुलगा होता. तेच डोळे, तेच नाक, तीच जीभ. ठकी त्याला बघून हसली, तोही हसला.

गिरजाला भान राहिलं नाही. "कुठल्या गो तुमी?"

"कर्जतच्या."

"आत्याबाई, बघा! ही बाई कुठली, आपण कुठले! तरी पोर ठकीसारखंच. देवच देतो गो अशी पोरं. आता तरी पटलं ना?"

सासूने दोन्ही मुलांकडे निरखून पाहिलं, मग त्या बाईकडे. बाईने घाईघाईने मुलाच्या तोंडावर पदर ओढला.

"पटलं," सासू म्हणाली. "म्हंजे तो मेला कर्जतलाबी जाऊन आला."