टर्बोची डबी

"दाजी, विम्याचा माणूस यायच्या आत ती डबी काढून घ्या," मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला.

लेकाचा दहावा कालच झाला होता. सदानंदने पोराच्या गाडीच्या चेपलेल्या बॉनेटखाली हात घातला. टर्बोचा जोर वाढवणारी ही डबी त्यानेच हौसेने बसवून दिली होती. वॉरंटी जाऊ नये म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगच्या आधी बापलेक ती गुपचूप काढत आणि घरी आल्यावर पुन्हा लावत. बाप वायरींशी झटायचा, लेक ड्रायव्हर सीटवर बसून वाट बघायचा.

आजही डबी सहज निघाली. कंपनीचा प्लग 'टक्' करून जागेवर बसला. सदानंदने बॉनेटवर थाप मारली आणि सवयीने हाक दिली,

"हं, मार रे स्टार्टर!"