कमी चाललेली गाडी

गाडी सुरू झाली, दोन सेकंद खोकली आणि मेली. अकराव्यांदा.

इंजिनिअरने स्टिअरिंगवर थाप मारली. त्याला इंजिनिअर म्हणायचे ते फक्त सासरचे, तेही हसू दाबत. पोटापाण्यासाठी तो विम्याच्या ऑफिसात फायली सरकवायचा. घरी मात्र त्याने वॉशिंग मशीन, मिक्सर आणि शेजाऱ्यांची बेल दुरुस्त केली होती. त्यानंतर यातल्या एकाचाही आवाज कुणी ऐकला नव्हता.

आज गाडीची पाळी होती. अकरा वाजता साडू ती विकत न्यायला येणार होता. मीटरवर अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर दिसत होते. भंगारात त्याच मॉडेलचा मीटर मिळाला, त्यावर एकतीस हजार होते. इंजिनिअरने लगेच साडूला फोन लावला. "जेमतेम एकतीस चाललीय रे." मग तीन व्हिडिओ बघितले आणि भाजी चिरायच्या सुरीने जुना मीटर उपसून काढला.

नव्या मीटरने आल्या आल्या कारभार हातात घेतला. टाकीत चमचाभर पेट्रोल, पण काटा ऐटीत 'फुल'वर जाऊन बसला. एअरबॅगचा लाल दिवा लागला तो लागलाच. दारं बंद असताना दार उघडं असल्याची शिट्टी वाजायला लागली. इंजिनिअरने चारही दारं पुन्हा पुन्हा आपटली. शिट्टी चालूच. चौथ्या व्हिडिओत सांगितलं म्हणून त्याने बॅटरीची वायर काढून परत जोडली. घड्याळ तेवढं शून्यावर गेलं.

"अहो, जुना लावा ना परत," बायको गॅलरीतून म्हणाली.

"तुला यातलं काय कळतं?"

"काल गाडी चालत होती, एवढं कळतं."

जुना लावता येणार नव्हता. सुरीने त्याचे दोन तुकडे केले होते.

शेवटी झक मारत गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं. तो आला आणि पाठोपाठ साडू आला, तोही सासऱ्यांना घेऊन. घरातला व्यवहार, कुणीतरी वडीलधारं असावं, म्हणून. "बसा, मामा," म्हणत इंजिनिअरने सासऱ्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली.

"काय झालं, दादा?" साडूने विचारलं.

"काही नाही रे. तुझ्यासाठी एक पार्ट नवीन टाकला."

इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डवरचे सुरीचे ओरखडे पाहिले. मग इंजिनिअरकडे पाहिलं. घरीच दात उपटून आलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतो, तसं.

"साहेब, हा मीटर दुसऱ्या गाडीचा. तुमची किल्ली ओळखत नाही. तुम्हाला चोर समजून इंजिन बंद करतोय."

"हुशार आहे मीटर," गॅलरीतून आवाज आला.

इलेक्ट्रिशियनने लॅपटॉप जोडला. "दोघांची ओळख करून देतो. पण मग किती किलोमीटर झाले, ते मीटर इंजिनालाच विचारणार. खरा आकडा येईल. चालेल ना?"

साडू शेजारीच उभा होता. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. होऊन होऊन अठ्ठ्याऐंशी होतील, इंजिनिअरने विचार केला. फोनवर तुला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून सांगू.

"चालेल की," तो म्हणाला.

इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. शिट्टी थांबली. पेट्रोलचा काटा लाजून खाली आला. मीटरवरचे एकतीस हजार गेले आणि तिथे आले दोन लाख सतरा हजार.

साडूने खिडकीतून मान आत घालून आकडा दोनदा वाचला. "दादा, एवढं कुठं फिरलात?"

"खोटं आहे हे. कालपर्यंत अठ्ठ्याऐंशी होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलेत."

"आणि फोनवर एकतीस?"

इंजिनिअर उगाच गाडीची काच पुसायला लागला.

"म्हणजे तुमच्या आधीच कुणीतरी मीटर मागे फिरवलाय," इलेक्ट्रिशियन वायर गुंडाळत म्हणाला. "इंजिन काही विसरत नाही. कुणाकडून घेतली होती गाडी?"



"मामांकडून," इंजिनिअर म्हणाला. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

सगळे प्लास्टिकच्या खुर्चीकडे वळले. सासऱ्यांनी सावकाश चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. आधी मीटरचे दोन तुकडे बघितले, मग जावई. त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ कीव होती.

"जावईबापू," ते म्हणाले, "मीटर कोण बदलतं? आकडा बदलतात."