मॉनिटरपुरती लट

बायकोने सकाळीच हटकलं, "अहो, डोळे हळदीसारखे झालेत. आधी डॉक्टर गाठा!" नटाने मेकअपच्या आरशात पाहिलं, पण तिथल्या बल्बांखाली सगळी दुनियाच पिवळी. मग तो तडक कॅमेरामनकडे गेला. कॅमेरामन म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

"दाजी, ताईला काळजीची हौसच आहे! उभे राहा, मॉनिटर तुमच्याकडे वळवतो."

मॉनिटरवर गाल गुलाबी अन् डोळे शुभ्र. नट खूश झाला. "बायकोपेक्षा कॅमेरा बरा, खोटं तरी बोलत नाही!" म्हणत, डॉक्टरकडे जाणं शूटिंग संपेपर्यंत पुढे ढकलून तो शीळ घालत जेवायला गेला.

त्याची पाठ वळताच मेहुण्याने मॉनिटरला लावलेली गुलाबी लट काढून नेहमीची लावली. लट म्हणजे मॉनिटरवर रंग पालटून दाखवणारी फाइल. कॅमेऱ्यात चेहरा होता तसाच, लिंबासारखा पिवळा उतरला होता.

दिग्दर्शक मॉनिटरला नाक लावून म्हणाला, "वा! काविळीने मरणारा माणूस असाच दिसायला हवा. मेकअपच्या बापालाही जमलं नसतं. मरणाचा सीन उद्याच घेऊ या?"

मेहुण्याने दाजींचे डोळे पडद्यावर मोठे करून न्याहाळले.

"आठवडाभर थांबू या. अजून रंग चढू दे."