अकरा गुरांची पावती

आयडेला व्हार्नम तिसऱ्यांदा आली तेव्हा ॲन्सेलने तिला व्हरांड्यातच थांबवलं. आत बोलावलं नाही.

गावाला पन्नास वर्षं होत होती. वायोमिंगच्या त्या उजाड माळावर आधी रेल्वे आली, मग गुरांचे वाडे, मग गाव. त्या सगळ्याचा इतिहास लिहायचं काम समितीने आयडेलाला दिलं होतं. पंचवीस वर्षं ती गावच्या शाळेत शिकवत होती. अट एकच. १८९१ सालची फाशी एका ओळीत उरकायची: किंबरोंची अकरा गुरं चोरून गाडीत चढवणाऱ्याला जागच्या जागी शिक्षा झाली.

तो चोर म्हणजे आयडेलाचा बाप, ॲसा. गुरांच्या वाड्याच्या फाटकालाच त्याला लटकवलं. ती तेव्हा दोन वर्षांची होती. आईने, रोझेलाने, लोकांचे कपडे धुऊन तिला वाढवलं आणि कायम सांगितलं की तुझ्या बापाने कुणाच्या वासरालाही हात लावला नव्हता. मरताना तिने खऱ्या चोराचं नावही घेतलं. रॅन्सम किंबरो, त्या गुरांच्या मालकाचा धाकटा मुलगा. स्वतःच्याच बापाची गुरं त्याने परस्पर विकली, म्हणाली.

ॲन्सेल तेव्हा स्टेशनमास्तर होता. माल त्याच्याच हातून गेला होता.

“काका, त्या मालाची पावती तुमच्याकडे आहे,” आयडेला म्हणाली.

“जुनं उकरून काय मिळणार तुला, पोरी?”

“शाळेत पोरं मला चोराची म्हणायची. तुम्ही स्टेशनच्या खिडकीतून ऐकत बसायचात.”

मग तिने सांगून टाकलं की पावती मिळो न मिळो, पुस्तकात रॅन्समचं नाव येणार. सोमवारी कागद छापखान्यात जातील. रॅन्सम अजून हयात होता, दर रविवारी नातवंडांना घेऊन चर्चला यायचा.

“त्याचं नाव घालू नकोस.”

“किंबरोंना अजून घाबरता?”

म्हातारा उठून आत गेला. बऱ्याच वेळाने आला तो एक पिवळा पडलेला कागद घेऊन. तो देताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

अकरा गुरं, मुक्काम ओमाहा. खाली पाठवणाऱ्याची सही होती. ते अक्षर आयडेलाने जन्मभर पाहिलं होतं. रोझेला व्हार्नम.

“किंबरोंच्या माणसांनी मला विचारलं, माल कुणी चढवला,” ॲन्सेल म्हणाला. “मी तोंड उघडायच्या आत ॲसा पुढे झाला. म्हणाला, मी. मग मी पावती खिशात घातली, ती घातलीच.”

आयडेला उभीच होती. आई तेव्हा कुठे होती, एवढंच तिने विचारलं.

“तिथेच, गर्दीत. तू तिच्या कडेवर होतीस.”

“काय म्हणाली ती?”

“काही नाही. तुझे डोळे झाकले.”