वाकडी चंद्रकोर

कुरखेड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या शेवंताच्या भुवया पस्तिशीतच डोळ्यांवर उतरल्या होत्या. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ती घरी ट्रेनिंगचं सांगून नागपूरला गेली.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. केसांच्या आत चीर देऊन सगळं कपाळच वर ओढायचं, नाहीतर भुवयांच्या वरची थोडी कातडी कापून काढायची.

"दुसऱ्यात मात्र हे गोंदण जाईल," ते म्हणाले.

शेवंताच्या डाव्या भुवईवरची ती हिरवी चंद्रकोर तिच्या लहानपणी आईनं हौसेनं गोंदवून घेतली होती. पोर रडत हलली, म्हणून वाकडी झाली. आईनंच तिला मांडीत घट्ट आवळून धरलं होतं.

त्या गोंदणावरून स्टाफरूममध्ये चालणारं हसणं शेवंताला आठवलं.

"गेलं तर बरंच," ती म्हणाली.

पंधरवड्यानं कपाळावर पदर ओढून ती घरी आली. एस.टी.त घोकलेलं खोटं ओठांवर तयार होतं. आई पाठमोरी बसून मोहफुलं निवडत होती.

"आली का शेवंते? तू गेली अन् माह्यं कपाळ लय जळून राह्यलं वो."

"काऊन?"

आई वळली. विधवा झाल्यापासून कोऱ्या असलेल्या त्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, वाकडी चंद्रकोर होती. हिरवी, ओली, सुजलेली.

"भर दुपारी कोनं तरी मले मांडीत आवळून धरलं. लय रडली मी, पण सोडलं नाई. तोंड नाई दिसलं, बोटं तेवढे वळखू येतीन."

बोलता बोलता आईनं शेवंताचे हात हातात घेतले, बोटं चाचपली, आणि एकदम सोडून देऊन ती भिंतीपर्यंत मागं सरकली.